भव्याच्या ठिपक्यामागची माझी धावाधाव

जे. पी. नगर, बेंगळूरु
रविवार, दुपारचा चहा अजून व्हायचाय

तीर्थस्वरूप सकवारअक्का हिच्या चरणी धाकट्या गुंडूचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे. कमरेला पट्टा आहे, खाली वाकलो तर वर काढायला माणूस लागतं, आणि आत्ता घरात मी एकटाच आहे. हर्ष, विद्या आणि भव्या तिघं बूट आणायला गेलीत.)

तुझ्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला हे ऐकून बरं वाटलं. आता निपाणीतलं सगळं लख्ख दिसत असेल. भिंतीवरचे डागही दिसत असतील, पण त्यावरून सुनांना बोलू नकोस, ते डाग पूर्वीपासूनच होते. गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? मी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण अक्का, राग मानू नकोस, तुला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि राहिलेलं निम्मं तू पदरचं घालतेस. मागच्या खेपेला मी 'कंबर धरलीय' म्हणालो, ते तू 'नंबर लागलाय' असं ऐकलंस आणि गल्लीभर पेढे वाटलेस. अजून मला निपाणीहून अभिनंदनाचे फोन येतात आणि मी कमरेवर हात ठेवून 'आभारी आहे' म्हणतो. आज सांगायची गोष्ट तशी नाही. तिच्यात पदरचं काही घालायला जागा नाही.

आधी शेवट सांगून टाकतो, म्हणजे तू वाचताना छातीवर हात ठेवून बसणार नाहीस. भव्या सुखरूप आहे. हसते, भांडते, जेवताना पडवळ ताटाखाली लपवते. आता पुढचं सावकाश वाच.

तुला माहीतच आहे, हर्षचं ऑफिस बेळ्ळंदूरला आणि विद्याचं हेब्बाळला. म्हणजे माझा मुलगा गावाच्या एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, आणि दोघांपैकी कुणालाही दुपारी घरी यायचं म्हटलं तर दीड तास रस्त्यातच जातो. चिकपेटेतलं कापडाचं दुकान बंद केल्यापासून मधल्या वेळेत घराची किल्ली आणि नात या दोन गोष्टी माझ्या ताब्यात. यंदा भव्या तिसरीत गेली आणि शाळेच्या व्हॅननं जायला लागली. व्हॅन नागराज नावाचा माणूस चालवतो. भला माणूस आहे, पोरांची नावं बापाच्या नावासकट त्याला पाठ आहेत. दुपारी तीन चाळीसला व्हॅन आमच्या फाटकाशी येते, मी छत्री घेऊन उभा असतो (ऊन असो, पाऊस असो, काही नसो, छत्रीवर टेकता येतं म्हणून), भव्या उतरते आणि दप्तर माझ्या अंगावर टाकून आत पळते.

जूनमध्ये विद्यानं एक डबी आणली. काडेपेटीएवढी, काळी, आत फोनसारखंच सिमकार्ड. ही डबी पोरीच्या दप्तरात ठेवायची, म्हणजे पोर कुठं आहे ते आपल्या फोनवर नकाशात निळा ठिपका होऊन दिसतं. मला हे अजिबात पटलं नाही. मी जेवणाचं ताट पुढे सारून भाषण केलं. म्हटलं, वासराच्या गळ्यात घंटा बांधतात तसं हे आहे. म्हटलं, आम्ही लहानपणी सगळं बसवनगुडी पायाखाली घातलं, आमच्या मागे कुठला ठिपका होता? आणि मग, अक्का, मी तुझा दाखला दिला. तू सात वर्षांची असताना बसवनगुडीच्या भुईमुगाच्या जत्रेत, कडलेकाई परिषेच्या गर्दीत हरवलीस आणि शेवटी भुईमुगाच्या ढिगामागे शेंगा सोलत बसलेली सापडलीस, ती गोष्ट. म्हटलं, बघ, आमची अक्का सापडलीच ना? पोरं सापडतातच.

विद्या तुला ठाऊक आहे, आवाज चढवत नाही. तिनं ताट परत माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "मामा, आत्या किती वेळानं सापडल्या?"

"तीनेक तासांनी."

"आणि ते तीन तास आजी काय करत होत्या?"

अक्का, आई त्या तीन तासांत काय करत होती हे मला चांगलं आठवतं. देवळाच्या पायरीवर बसून ती जाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या परकराचा रंग बघत होती. तू सापडल्यावर तिनं आधी तुला एक चापट मारली आणि मग उलटी केली. तू शेंगा खात होतीस, तुला यातलं काही कळलं नसेल. मी पाच वर्षांचा होतो आणि आईचा पदर धरून उभा होतो. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोललो नाही. मुकाट्यानं जेवलो. पण हरलो असं कबूल करायला नको म्हणून पुढे महिनाभर त्या डबीला 'घंटा' म्हणत राहिलो. (दप्तराच्या आतून त्या डबीसाठी खिसा मात्र मीच शिवून दिला, गादीच्या जाड कापडाचा, दुहेरी टाक्याचा. विद्याला टाका घालता येत नाही. माझा विरोध तत्त्वाला होता, शिलाईला नव्हता.)

पुढे जे झालं ते सांगायला लाज वाटते. विद्यानं ते ॲप माझ्याही फोनवर घालून दिलं, आणि आठ दिवसांत मला त्याचं व्यसन लागलं. सकाळी पेपर उघडायच्या आधी मी ठिपका उघडायला लागलो. ठिपका शाळेत पोचला, की मी अंघोळीला. ठिपका हलला, की माझा घास हातात. त्यात विद्यानं शाळेभोवती आणि घराभोवती एकेक वर्तुळ आखलं होतं. पोरगी त्याच्याबाहेर गेली, की फोन किंचाळतो. तिनं पाचशे मीटरचं वर्तुळ केलं होतं. मी कापडवाला माणूस, मी हिशेब केला, वीस मीटरचं एक ठाण धरलं तर पंचवीस ठाणं उलगडली की संपलं. हे फार सैल वाटलं. कुणाला न विचारता मी बोटानं ओढून शाळेचं वर्तुळ घट्ट केलं, अगदी अंगाबरोबर बसेल असं.

आता मला काय माहीत, की शाळेचं मैदान रस्ता ओलांडून पलीकडे आहे आणि ते वर्तुळाबाहेर राहिलंय! मंगळवारी मी न्हाव्याकडे बसलेलो. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या तोंडाला साबण, आणि फोन किंचाळला: भव्या सुरक्षित क्षेत्राबाहेर गेली. मी गळ्याला टॉवेल बांधलेला तसाच उठलो, रिक्षात बसलो आणि शाळेत गेलो. भव्या तिसरी ब च्या पोरींबरोबर खो-खो खेळत होती. मला बघून खेळ थांबला. एका पोरीनं विचारलं, हे कोण? भव्यानं माझ्याकडे पाहिलं, साबणाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "माहीत नाही." अक्का, सख्ख्या नातीनं! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आणि गुरुवारी पुन्हा खेळाचा तास होता, पुन्हा फोन किंचाळला, आणि मी पुन्हा गेलो. (तुला वाटेल, मंगळवारचा अनुभव असताना पुन्हा कशाला गेलो? मलाही तेच वाटत होतं. पाय गेले, मी त्यांच्याबरोबर गेलो.) शाळेचा वॉचमन आता मला नावानं ओळखतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. शनिवारी भव्याला गाण्याच्या शिकवणीला सोडून मी घरी आलो. फोनवर बघतो तर ठिपका शिकवणीच्या इमारतीत नाही, शेजारच्या गल्लीतल्या इमारतीत. घराच्या वर्तुळाच्या आतच होता म्हणून फोन गप्प होता, पण मला धीर कुठला? मी गेलो आणि खालपासून वरपर्यंत एकेका दाराची घंटा वाजवत सुटलो. पहिल्या मजल्यावरच्या माणसानं मला कुरिअरवाला समजून सही करायला पेन मागितलं. दुसऱ्या मजल्यावर कुणी दार उघडलं नाही, म्हणून मी तिथं जास्त वेळ वाजवली. तिसऱ्या मजल्यावर एका कानडी अज्जीनं दार उघडलं, माझा घामाघूम चेहरा पाहून काही न विचारता खुर्ची दिली, "अण्णा, स्वल्प काफी तगोळ्ळी" म्हणून कॉफीचा पेला हातात ठेवला आणि मगच काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, ऐका. मी ऐकलं. भिंतीपलीकडून, शेजारच्या इमारतीतून, भव्याचा आवाज येत होता. सा रे ग चुकीचं, पण आवाज तिचाच. ठिपका तीस-चाळीस पावलं सरकला होता, एवढंच. विद्या नंतर म्हणाली की उंच इमारतींमध्ये असं होतं, त्या डबीला आभाळ नीट दिसत नाही.

या दोन प्रकरणांनंतर हर्षनं माझ्या फोनचं किंचाळणं बंद करून टाकलं. वर्तुळ पुन्हा पाचशे मीटरचं केलं. आणि मला समोर बसवून, मी त्याला लहानपणी बसवायचो तसं, सांगितलं, "बाबा, तुम्ही आता नुसतं बघायचं. धावायचं नाही." मी 'सरी, बरं' म्हटलं. घरात मी विनोदाचा विषय झालो होतो. भाजी आणायला निघालो तरी हर्ष विचारायचा, ठिपका कुठं गेला?

आता मागच्या पंधरवड्यातला बुधवार. अक्का, इथून पुढे पाण्याचा तांब्या जवळ ठेव.

त्या दिवशी नागराजचे डोळे आले होते, म्हणून व्हॅनवर त्याचा साडू आला होता. हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. भव्याला सकाळपासून सर्दी होती, विद्यानं शाळेत जाताना औषध दिलं होतं, त्यानं झोप येते. हे सगळं मागून जुळवलेलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं, की तीन चाळीस झाले, तीन पन्नास झाले, चार वाजले, आणि फाटकाशी व्हॅन नाही. नागराजला फोन केला, बंद. शाळेत केला, तर ऑफिसमधली बाई म्हणाली, सगळ्या व्हॅन केव्हाच गेल्या. मग ठिपका उघडला.

ठिपका आमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर होता, कोणनकुंट्याच्या बाजूला एका मोकळ्या पटांगणावर. आजूबाजूला नकाशात एकही नाव नाही. आणि तो हलत नव्हता.

विद्याला फोन केला, तिनं उचलला नाही, ती मीटिंगमध्ये होती. हर्षनं उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पुन्हा? ट्रॅफिकमध्ये अडकली असेल. नाहीतर ठिपका सरकला असेल. दहा मिनिटं थांबा, प्लीज." त्याचा दोष नाही. मला साबण लावलेला बघून ज्याची मुलगी रडत घरी आली, तो आणखी काय म्हणणार? मी थांबलो. खरं सांगतो, मलाही माझा भरवसा वाटेना. चपला घालायचो, काढायचो, पुन्हा घालायचो. मनात म्हणायचो, गुंडूराव, आता व्हॅन वळणावर दिसेल आणि तुम्ही पुन्हा गल्लीचं हसू होऊन बसाल. फाटकाला हात लावून तसाच उभा राहिलो. आणि आईसारखा समोरून जाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या गणवेशाकडे बघत राहिलो.

तेवढ्यात विद्याचा फोन आला. मीटिंगमधून बाहेर येऊन तिनं माझा चुकलेला फोन पाहिला होता आणि स्वतःच्या फोनवर ठिपकाही पाहिला होता. तिनं 'पुन्हा?' असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "मामा, ठिपका किती वेळ हललेला नाही?"

"पंचवीस मिनिटं झाली."

"ट्रॅफिकमध्ये इतका वेळ एक पाऊलसुद्धा हलत नाही असं होत नाही. तुम्ही निघा. चुकलं तर माझ्या नावावर."

अक्का, ते चार शब्द. मी एवढा म्हातारा झालो, दुकानात मला माणसं शेट म्हणायची, पण 'चुकलं तर माझ्या नावावर' असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी निघालो.

रस्त्यावर जी पहिली रिक्षा थांबली ती यल्लाप्पाची. अथणीकडचा माणूस, इथं बारा वर्षं रिक्षा चालवतो. मी कानडीत सुरुवात केली, पण घाबरल्यामुळे मध्येच मराठी निघालं, आणि तो मागे वळून म्हणाला, "बसा की ओ काका, मराठीच बोला. पोरगी कुठं हाय म्हणालात?" मी फोन दाखवला. मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. त्यानं रिक्षा सरळ एका गल्लीत घातली, जी गल्ली नसून दोन घरांमधली फट असावी असा माझा अंदाज आहे. विद्या हेब्बाळहून फोनवर होतीच. तिला तिच्या नकाशात माझी रिक्षाही दिसत होती म्हणे, कशी ते देव जाणे. ती सांगायची, डावीकडे घ्या, आता सरळ, आता पुढच्या देवळापाशी उजवीकडे, आणि यल्लाप्पा प्रत्येक वळणाला "व्हय, बाईसाहेब" म्हणायचा. माझ्या कमरेला किती हिसके बसले त्याचा पत्ता मला रात्री लागला. तेव्हा कंबर आहे हेच मी विसरलो होतो.

पटांगणाच्या फाटकाला साखळी होती, कुलूप नव्हतं. आत पिवळ्या व्हॅन उभ्या, एकीसारखी एक, नऊ. चिटपाखरू नाही. सगळ्यांच्या काचा बंद. ठिपका म्हणतो, इथं आहे. पण इथं म्हणजे नऊपैकी कुठं? मी छत्रीच्या मुठीनं पहिल्या व्हॅनच्या पत्र्यावर मारायला लागलो, "भव्या! भव्या!" यल्लाप्पा दुसऱ्या टोकानं सुरू झाला. काचांवर धूळ, आतलं दिसत नाही. विद्या फोनवर म्हणाली, "मामा, एक मिनिट गप्प राहा. दोघंही गप्प राहा. मी डबी वाजवते." त्या डबीत तशी सोय आहे, लांबून बटण दाबलं की ती वाजते. मी गप्प राहिलो. अक्का, ते एक मिनिट मी तुला लिहून सांगू शकत नाही.

मला काहीच ऐकू आलं नाही. (आपल्या घराण्याचे कान.) पण यल्लाप्पानं मान वळवली, बोट वर केलं आणि मधल्या एका व्हॅनकडे धावला. काचेला हाताची ओंजळ लावून आत बघितलं आणि ओरडला, "काका, हाय! हाय, बसलीय!"

ती सगळ्यात मागच्या सीटवर होती. झोपली होती ती दप्तरांच्या मागे, आडवी. साडूनं शाळेतून निघतानाच एकदा नावं पुकारली, तिनं ओ दिली नाही, त्यानं आज आली नसेल समजून आमची गल्लीच गाळली आणि शेवटी मागे न बघता व्हॅन लावून तो गेला. जाग आल्यावर तिनं दारं ओढून पाहिली, मग हाका मारल्या, मग रडली, मग थकून बसली. यल्लाप्पानं रिक्षातून जॅकचा दांडा आणला, मला बाजूला केलं आणि पुढच्या दाराची काच फोडली. आत हात घालून दार उघडलं. त्याचा हात कापला, रक्त आलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

भव्या बाहेर आली. घामानं निथळत होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. मी तिला उचललं. (कमरेचं डॉक्टरांना सांगू नकोस.) तिच्या मानेवर हात ठेवला तर ती चटके बसतील एवढी गरम. मला रडू आवरेना आणि ती मात्र माझी पाठ थोपटत होती. मी म्हणालो, "घाबरलीस का गं राजा?"

ती म्हणाली, "आधी घाबरले. मग म्हटलं, तुम्ही याल."

"कसं माहीत?"

"तुम्ही काही नसलं तरी येता. आज तर खरंच होतं."

अक्का, साबण लावून शाळेत गेलो, तीन मजल्यांच्या घंटा वाजवल्या, घरात हसू झालं, त्या सगळ्याचं मला त्या एका वाक्यात काय मिळालं हे तुला सांगायला नको. विद्या अजून फोनवर होती. मी म्हटलं, "विद्या, सापडली. बरी आहे." मग भव्यानं फोन घेतला आणि सांगितलं, "अम्मा, तहान लागलीय."

यल्लाप्पानं आम्हाला सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, दीड तास बसवून ठेवलं, ताप पाहिला आणि म्हणाले, आभाळ होतं म्हणून निभावलं, लखलखीत ऊन असतं आणि अजून अर्धा तास गेला असता तर मी असा हसत बोललो नसतो. यल्लाप्पाच्या हाताला दोन टाके पडले. तो तिथंच बाकावर बसून भव्याला अथणीच्या म्हशींच्या गोष्टी सांगत होता. मागच्या रविवारी त्याला जेवायला बोलावलं होतं. ज्वारीची भाकरी, झुणका, वांगी. दुकान बंद करताना माझ्या आवडीचं म्हणून एक पांढरं ठाण मी ठेवून घेतलं होतं, त्यातलं त्याच्या शर्टाचं कापड मी स्वतः कापून दिलं. कात्री चालवताना बरं वाटलं.

हर्ष आणि विद्या त्या दिवशी सातला घरी पोचले. हर्ष माझ्यासमोर उभा राहिला आणि "बाबा, मी थांबा म्हणालो" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे, मीही थांबलो होतो. विद्या आत आली, पायातले बूट न काढता भव्याच्या खाटेशी जमिनीवर बसली आणि तिचा पाय धरून बसून राहिली. मला तिला काही तरी म्हणायचं होतं. मी पाण्याचा पेला नेऊन दिला. तिनं घेतला. मी परत आलो.

नागराज संध्याकाळीच आला होता. डोळे सुजलेले, काळा चष्मा, बरोबर साडू. मी फाटकाशी गेलो तो ओरडायच्या तयारीनं. नागराजनं चष्मा काढला, आणि ते डोळे आल्याचं पाणी होतं की दुसरं, मला कळलं नाही. म्हणाला, "सर, माझी पोरगी पण तिसरीत आहे." मग माझं ओरडणं कुठं गेलं कोण जाणे. पण विद्यानं गोष्ट तिथंच सोडली नाही. तिनं शाळेला रीतसर लिहून दिलं. साडू आता पोरांची व्हॅन चालवत नाही. जे मूल हजर असून व्हॅनमध्ये सापडत नाही त्याच्या घरी शाळा लगेच फोन करते. आणि नागराज रोज फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन रिकाम्या व्हॅनचा फोटो काढून सगळ्या आईबापांना पाठवतो. मलाही पाठवतो. रोज चार वाजता मला सात रिकाम्या सीटचा फोटो येतो, अक्का, आणि मी तो चष्मा लावून नीट बघतो.

असो. पत्र फार लांबलं. तुझे डोळे दुखले असतील. सगळ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. भव्या म्हणते, सकवारआजीला सांगा की मी आता खो-खोमध्ये पहिली बसते.

तुझा,
गुंडू

ता. क. एक: खरं काम राहिलंच. हे पत्र वाचून झालं की विद्याला एक फोन कर, आणि बोलता बोलता सहज म्हण, की गुंडू तुझं फार कौतुक करत होता. म्हणत होता, सगळं घर एका बाजूला होतं तेव्हा ती एकटी माझ्यामागे उभी राहिली, आणि ती डबी तिनं आणली नसती तर आज काय झालं असतं, त्याचा विचारही करवत नाही. मी हे तिच्यासमोर म्हणायला गेलो की प्रत्येक वेळी पाण्याचा पेला देऊन परत येतो. पंधरा दिवसांत ती माझ्या हातून इतकं पाणी प्यायलीय, की परवा विचारत होती, मामा, मला काही झालंय का? तेव्हा तू सांग. पण मी लिहिलं असं सांगू नकोस.

ता. क. दोन: फोन विद्यालाच कर, हर्षला नको. आणि तिचं उत्तर नीट ऐक, पदरचं घालू नकोस.

(इथून पुढचं अक्षर विद्याचं आहे.)

आत्या, नमस्कार. मामांनी पाकिटावर पत्ता घालायला म्हणून पत्र माझ्याकडे दिलं आणि आतलं वाचू नकोस असं तीनदा बजावलं. बजावलं नसतं तर वाचलं नसतं. तेव्हा फोनची गरज नाही, सगळं पोचलं. वाचून मीच एक पेला पाणी प्यायले.

फक्त पत्रात एक गोष्ट खरी नाही, ती तुम्हाला कळायला हवी. त्यांनी लिहिलंय की ते फाटकाशी उभे होते आणि मी 'निघा' म्हटल्यावर निघाले. आत्या, त्यांच्या फोनमध्ये ॲप घालताना मी त्यांचाही ठिपका माझ्या फोनवर लावून घेतला होता. मागे एकदा त्यांना न्हाणीत चक्कर आली होती, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता. मीटिंगमधून बाहेर येऊन मी फोन उघडला तेव्हा भव्याचा ठिपका थांबलेला होता आणि मामांचा ठिपका फाटकाशी नव्हताच. तो घरापासून अर्धा किलोमीटर पुढे, कोणनकुंट्याच्या रस्त्यावर होता, पायी पायी चाललेला. कमरेला पट्टा असताना. कुणीही 'जा' म्हणालेलं नसताना. तो बघूनच मी ओळखलं की या वेळी खरं आहे.

त्यांनी सगळं श्रेय मला देण्यासाठी स्वतःला फाटकाशी उभं करून ठेवलंय. तुम्ही फोन करालच, तर मला नको, त्यांना करा, आणि सहज म्हणा की विद्या तुझं फार कौतुक करत होती. मलाही ते समोरासमोर जमत नाही. त्यांच्या ठिपक्याचं मात्र त्यांना सांगू नका, नाहीतर उद्यापासून ते फोन घरी ठेवून फिरायला जातील.

तुमची,
विद्या